पुढाऱ्याची उंची

लोकमत या शब्दास आपल्याकडे जितका मान आहे, तितकी त्याची चौकशी मात्र कोणी करीत नाही. वर्तमानपत्रे त्याची ग्वाही देतात, पुढारी त्याच्या नावाने शपथा वाहतात. आणि निवडणुकीच्या पेटीतून ते बाहेर पडले म्हणजे जिंकलेला पक्ष त्यास जनतेचा कौल म्हणतो व हरलेला पक्ष जनतेची दिशाभूल म्हणतो. परंतु देशाच्या मुख्य पुढाऱ्याविषयी लोकांचे मत बनते कशावरून, आणि ते पालटते तेव्हा नेमके काय पालटलेले असते, पुढारी की लोक, हा प्रश्न पेटी उघडून सुटण्यासारखा नाही. त्याचा विचार करू लागलो म्हणजे आमच्या डोळ्यांपुढे नेहमी एकच मूर्ती उभी राहते, आणि ती काही फारशी उंच नाही. ती मूर्ती लालबहादुर शास्त्री यांची.

दुसरी मोठमोठी नावे सोडून आम्ही हेच का घ्यावे, यास कारण आहे. शास्त्रीजींनी ९ जून १९६४ रोजी पंतप्रधानपदाची शपथ घेतली आणि ११ जानेवारी १९६६ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, ताश्कंद येथे त्यांचा अंत झाला. १९६२ ची सार्वत्रिक निवडणूक त्यांच्या कारकीर्दीपूर्वी झाली, १९६७ ची तिच्यानंतर. म्हणजे पंतप्रधान या नात्याने त्यांनी देशाकडे कधी मते मागितलीच नाहीत. दिल्लीत एरिक द कोस्टा यांची लोकमत मोजणारी संस्था तेव्हाही काम करीत होती; परंतु तिचे आकडे आमच्यासारख्यांच्या घरापर्यंत येत नसत. त्या एकोणीस महिन्यांतले लोकमत पाहावयाचे असेल तर ते ओसरीवर, रेशनच्या रांगेत आणि चित्रपटगृहाच्या काळोखातच पाहिले पाहिजे. आम्ही तेव्हा पुण्यास सदाशिव पेठेतील एका वाड्यात राहत होतो व वयाने अकरा-बारा वर्षांचे होतो. त्या वयास मत नसते, कान मात्र असतात. आणि वडील माणसे मुलांच्या कानांचा विचार करून बोलत नाहीत, हे मुलांचे भाग्यच म्हणावयाचे.

नेहरू २७ मे १९६४ रोजी गेले. ‘नेहरूंनंतर कोण?’ हा प्रश्न त्यापूर्वी कित्येक वर्षे लोकांच्या तोंडी होता. वेल्स हँगन नावाच्या अमेरिकन पत्रकाराने तर १९६३ साली याच प्रश्नाचे नाव देऊन एक पुस्तक लिहिले आणि आठ जणांची परीक्षा केली. त्या आठांत शास्त्री होते, मोरारजी देसाई होते, आणि आपल्याकडचे यशवंतराव चव्हाण व स. का. पाटील हेही होते. पुढे काँग्रेसचे अध्यक्ष कामराज यांनी खासदारांची मने चाचपून पाहिली, शास्त्रींच्या नावावर एकमत घडवून आणले आणि २ जून रोजी त्यांची निवड झाली. आमच्या वाड्याने या निवडीचे स्वागत केले. पण त्यास कारण शास्त्री नव्हते, मोरारजी होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत जे गोळीबार झाले त्यांस आठ वर्षे लोटली होती, तरी त्या वेळी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री कोण होते, याचा वाड्यातील कोणास विसर पडला नव्हता. “ते आले नाहीत ना, मग कोणीही येवो,” असे आमचे वडील म्हणाले, आणि चार बिऱ्हाडांनी माना डोलाविल्या. नवा पुढारी काय करील याचा विचार त्या क्षणी कोणाच्या मनात नव्हता. दुसरा कोणी आला नाही, एवढ्या एका गुणावर तो उत्तीर्ण झाला होता. लोकमताच्या इतिहासात या गुणाची नोंद होत नाही. परंतु किती पुढारी या एकाच गुणावर गादीवर बसले असतील, याचा हिशेब कोणी तरी मांडण्यासारखा आहे.

त्यांच्या नावानेही आमच्याकडे थोडा घोटाळा केला. पुण्यात ‘शास्त्री’ म्हटले की पगडी, उपरणे आणि वेदान्ताची पोथी डोळ्यांपुढे येते. आमच्या आजीची अशी समजूत झाली की दिल्लीस कोणी वेदशास्त्रसंपन्न पंडित राज्यकारभार पाहू लागले. वडिलांनी तिला समजावून सांगितले की ही काशी विद्यापीठाची पदवी आहे; यांचे मूळ आडनाव श्रीवास्तव, ते जातिवाचक म्हणून त्यांनी टाकून दिले आहे. आजीने ते सर्व ऐकून घेतले आणि म्हणाली, “म्हणजे शास्त्रीच ना!” या उत्तरावर आम्ही मुले हसलो, पण आज वाटते की जगातील बहुतेक राजकीय प्रतिमा याच न्यायाने बनतात. नाव, पोशाख, आवाज व अंगलट यांपासून एक चित्र प्रथम तयार होते, आणि मग कोणी कितीही खुलासे केले तरी ते खुलासे त्या चित्राच्या चौकटीतच बसविले जातात.

आणि अंगलट म्हणावी तर ती शास्त्रींना मुळीच अनुकूल नव्हती. उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, साधे धोतर, मऊ आवाज. त्यांच्या आधी सतरा वर्षे देशाने ज्या पुरुषाकडे पाहिले होते, त्याच्या अचकनीवरील गुलाबाचे फूलसुद्धा या नव्या गृहस्थांपेक्षा अधिक ठळक दिसे. चित्रपटगृहात मुख्य चित्रापूर्वी सरकारी वार्तापट दाखवीत. १९६४ च्या ऑक्टोबरात कैरोहून परतताना शास्त्रीजी कराचीस थांबले व पाकिस्तानचे अध्यक्ष अयूबखान यांस भेटले. उंच, भरदार अयूबखानांच्या शेजारी आपले पंतप्रधान पडद्यावर दिसले तेव्हा मागच्या बाकांवरून हसे उठले. ते हसणारे लोक दुष्ट नव्हते, देशद्रोही तर नव्हतेच. लाज वाटली म्हणजे माणूस पुष्कळदा हसतो, त्यातला तो प्रकार होता. आपला देश पडद्यावर लहान दिसत आहे, असे त्यांस वाटत होते.

कर्तृत्वाची माहिती लोकांना नव्हती असेही नाही. १९५६ च्या नोव्हेंबरात अरियलूर येथे आगगाडीचा भीषण अपघात होऊन दीडशेच्या आसपास माणसे दगावली, तेव्हा रेल्वेमंत्री शास्त्री यांनी ती नैतिक जबाबदारी आपली मानून पद सोडले. ही गोष्ट वडील आम्हांस नेहमी सांगत. पण सांगून झाल्यावर ते पुस्ती जोडीत, “माणूस सज्जन आहे हो!” मराठीत ‘सज्जन’ हा शब्द शेजाऱ्याविषयी वापरला तर ती स्तुती असते, राज्यकर्त्याविषयी वापरला की त्यात एक सुस्कारा मिसळतो. राजीनामा देण्याचे धैर्य ज्याच्या ठिकाणी आहे त्याच्या ठिकाणी राज्य करण्याचेही असू शकेल, हा तर्क वाड्यात कोणी केला नाही. चित्रात त्याला जागा नव्हती.

पहिले वर्ष तर या चित्रास पुष्टी देणारेच गेले. शपथ घेऊन महिना होतो न होतो तोच त्यांस हृदयविकाराचा झटका आला व लंडनची राष्ट्रकुल परिषद हुकली. धान्य महागले, रेशनच्या दुकानात अमेरिकेच्या लाल गव्हासाठी रांगा लागल्या, आणि त्या रांगांत पंतप्रधानांच्या उंचीवर विनोद होऊ लागले. २६ जानेवारी १९६५ पासून हिंदी ही राजभाषा व्हावयाची होती; त्यावरून मद्रास प्रांतात आगी लागल्या, तरुणांनी आत्मदहन केले, आणि सी. सुब्रह्मण्यम् व ओ. व्ही. अळगेशन या दोन मंत्र्यांनी राजीनामे पुढे केले. मग ११ फेब्रुवारीस शास्त्रीजींनी आकाशवाणीवरून आश्वासन दिले की इंग्रजीविषयी नेहरूंनी दिलेला शब्द पाळला जाईल. तो शब्द पंधरा दिवस आधी उच्चारला असता तर कदाचित काही प्राण वाचले असते, अशी टीका तेव्हाही झाली व ती आम्हांस आजही रास्त वाटते. एप्रिलात कच्छच्या रणात पाकिस्तानी रणगाडे शिरले, ३० जूनला तंटा लवादाकडे नेण्याचा करार झाला, आणि दुबळेपणाच्या आरोपास आणखी एक पुरावा मिळाला. एकोणीस महिन्यांच्या कारकीर्दीत लोकसभेत त्यांच्या सरकारवर तीन वेळा अविश्वासाचे ठराव आले. त्यांतला तिसरा १९६५ च्या ऑगस्टात, म्हणजे युद्धाच्या अगदी उंबरठ्यावर.

याच वर्षात दुसरेही काही घडत होते. परंतु ते वार्तापटात दिसण्याजोगे नव्हते. सुब्रह्मण्यम् यांच्यासारख्या कर्तबगार मंत्र्यास पोलादाच्या खात्यातून काढून शेती व अन्न या निरुत्साही खात्यावर शास्त्रींनी मुद्दाम नेमले होते. शेतकऱ्यास मालाची वाजवी किंमत मिळावी म्हणून जानेवारी १९६५ मध्ये कृषिमूल्य आयोग स्थापन झाला, आणि त्याच महिन्यात अन्न महामंडळही निघाले. त्याआधी, ऑक्टोबर १९६४ च्या अखेरीस ते गुजरातेत आणंदला गेले, खेडा जिल्ह्यातील एका खेड्यात रात्र काढली, दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांशी बोलत बसले, आणि हा सहकाराचा नमुना देशभर न्यावा असे त्यांच्या मनाने घेतले. त्यातून १९६५ साली राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ उभे राहिले. पुढे ज्यांस हरितक्रांती व धवलक्रांती अशी भारदस्त नावे मिळाली त्या दोहोंची बीजे या हेटाळलेल्या वर्षात पडली आहेत. आमच्या वाड्यात या गोष्टींचा उच्चार झाल्याचे आम्हांस स्मरत नाही. पेरणीच्या दिवशी शेताकडे पाहून टाळ्या वाजविणारा प्रेक्षक अजून जन्मास यावयाचा आहे.

मग सप्टेंबर उजाडला. ऑगस्टच्या आरंभापासून काश्मीरात घुसखोर उतरत होते. १ सप्टेंबरला पाकिस्तानने छांबवर रणगाडे घातले. आणि ६ सप्टेंबरला आपल्या सैन्याने पंजाबची आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या रोखाने कूच केले. संरक्षणमंत्री यशवंतराव होते याचा अभिमान वाड्यास होताच. परंतु सीमा ओलांडण्याचा निर्णय शेवटी त्या पाच फूट दोन इंचांच्या गृहस्थांचा होता. शेजारच्या बिऱ्हाडातील रेडिओभोवती सारा वाडा गोळा होई. तोच मऊ आवाज. त्यात वीररसाचा लवलेशही नव्हता. पण आता त्या आवाजास कोणी मऊ म्हणेना; तो ‘निश्चयी’ झाला होता. धोतर तेच होते, पण ते आता ‘साधे’ राहिले नव्हते, ‘भारतीय’ झाले होते. उंचीदेखील कामास आली, कारण ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ ही म्हण मराठी माणसाच्या जिभेवर तयारच होती. ज्या चित्रपटगृहात हसे उठले होते तेथेच आता त्यांची मूर्ती पडद्यावर येताच टाळ्यांचा कडकडाट होई.

आमच्या विषयाचे मर्म आम्हांस येथे दिसते. या दोन प्रसंगांत अकरा महिन्यांचे अंतर आहे. तेवढ्यात शास्त्रींची उंची इंचभरही वाढली नव्हती, स्वभाव पालटला नव्हता, शब्द वाढले नव्हते. पालटली होती ती पाहणाऱ्यांची गरज. १९६४ साली देशास नेहरूंचा विरह झाला होता, म्हणून त्याने या मनुष्यात नेहरू शोधले आणि ते न सापडल्याने तो खट्टू झाला. १९६५ साली त्याच देशास १९६२ च्या पराभवाचा डाग धुवावयाचा होता, म्हणून त्याने त्याच मनुष्यात सेनापती शोधला, आणि या वेळी तो सापडला. लोकमत पुढाऱ्याचे माप घेते असे आपण म्हणतो. पण पुष्कळदा त्या मापात पुढाऱ्यापेक्षा आपलीच भूक व आपलेच भय मोजले गेलेले असते.

मग लोकमत सर्वथैव पोकळच समजावे काय? आमच्या आजीकडे पाहून आम्हांस तसे म्हणवत नाही. धान्याची तूट आणि परदेशी गव्हाचे ओझे पाहून शास्त्रीजींनी लोकांस आठवड्यातून एका जेवणाचा त्याग करण्याची विनंती केली. सोमवारची संध्याकाळ त्यासाठी ठरली आणि उपाहारगृहेही त्या संध्याकाळी बंद राहू लागली. आता आजीचा सोमवारचा उपवास चाळीस वर्षांचा. परंतु हा उपवास आपल्याकडे सोमवारी संध्याकाळीच सोडावयाचा असतो! म्हणजे महादेवाचा उपवास ज्या घटकेस सुटे, नेमक्या त्याच घटकेस देशाचा उपवास लागे. वाड्यातील काही चतुर मंडळींनी यावर साबुदाण्याच्या खिचडीचा तोडगा काढला व ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण सोमवारलाही लागू करून दाखविली. आजीने तसे केले नाही. तिने उपवास सोडणे मंगळवारच्या सकाळवर नेले आणि रात्री केवळ पेलाभर दूध घेऊ लागली. वय सत्तरीच्या पुढे गेलेले. वडील रागावले, वैद्यांचा धाक घालून झाला. तिचे उत्तर ठरलेले असे, “त्याने स्वतः पाळून मग सांगितलं आहे. मी कुणाचं मोडू?” शास्त्रींनी ही विनंती करण्यापूर्वी आपल्या घरी असा उपवास करून पाहिला होता, ही बातमी कोणी तरी तिला वाचून दाखविली होती. आपल्या निवासस्थानाच्या हिरवळीची जमीन त्यांनी नांगराखाली आणली, हेही तिला ठाऊक होते. तेवढ्यावर तिने आपले मत बनविले होते. त्यांच्या उंचीचा उल्लेख तिच्या तोंडून आम्ही कधी ऐकला नाही.

सार्वजनिक टाळीत आणि आजीच्या पेलाभर दुधात जो भेद आहे, तो फार मोठा आहे. टाळी वाजविणाऱ्याचे काही वेचत नाही, म्हणून ती आज याच्यासाठी वाजते, उद्या त्याच्यासाठी. जे मत बाळगावयास रोज काही तरी द्यावे लागते, ते देणारा माणूस देण्यापूर्वी विचारतो, की मागणारा स्वतः काय देतो आहे? हाच प्रश्न पुढाऱ्याच्या परीक्षेचा खरा प्रश्न होय.

२३ सप्टेंबरला युद्ध थांबले आणि पुढे रशियाच्या मध्यस्थीने ताश्कंदची बैठक भरली. १० जानेवारी १९६६ रोजी करार झाला; त्यात आपल्या जवानांनी रक्त सांडून घेतलेली हाजीपीरची खिंड परत द्यावयाची होती. शास्त्रींच्या सोबत गेलेले पत्रकार कुलदीप नय्यर यांनी पुढे लिहिले आहे की त्या रात्री शास्त्रींनी दिल्लीस घरी दूरध्वनी करून लोकांस करार कसा वाटला याची चौकशी केली, आणि घरच्यांनाच तो रुचला नव्हता. ज्याच्यासाठी चार महिने टाळ्या वाजल्या, त्याच्याविषयीचे लोकमत पुन्हा एकदा पालटू लागले होते, आणि ते प्रथम त्याच्या स्वतःच्या उंबरठ्यावर पालटले. त्याच रात्री हृदयविकाराने ते गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शवपेटीस खांदा देणाऱ्यांत रशियाचे पंतप्रधान कोसिजिन यांच्याबरोबर अयूबखानही होते. उंची ज्यांच्याशी ताडून लोक हसले होते, त्यांच्याच खांद्यावर ती मूर्ती निघाली.

मृत्यूने तिसरे चित्र तयार केले. महावीर त्यागी यांनी करारास विरोध म्हणून मंत्रिपद सोडले खरे, परंतु त्यांच्या आक्षेपास लोकांकडून मिळावयाचे ते बळ मिळाले नाही. मेलेल्या माणसाशी भांडावे कसे? हाजीपीर द्यावयास हवे होते की नको, शांततेची ती किंमत वाजवी होती की जबर, हा वाद खुल्या मनाने झालाच नाही. त्याऐवजी मृत्यूविषयीच्या शंकाकुशंका सुरू झाल्या, त्या आजतागायत चालू आहेत. भाषेच्या प्रश्नावरील त्यांची चालढकल लोक विसरले, हे एक वेळ ठीक. पण कृषिमूल्य आयोग आणि आणंदची ती रात्र यांचीही आठवण कोणास राहिली नाही. १९६६ साली मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे नवे बियाणे आले व देशाच्या कोठारांचे रूप पालटले, ते सुब्रह्मण्यम् व शास्त्री यांनी घालून दिलेल्या वाटेने आले, हे किती जणांस ठाऊक असते? संताच्या तसबिरीत दोषांस जागा नसते, तशी कामासही नसते.

आज तर पुढाऱ्याचे चित्र क्षणोक्षणी आपल्या हातातील यंत्रावर उमटत असते, आणि लोकमताचे आकडे महिन्यागणिक प्रसिद्ध होतात. साधने वाढली, परंतु पाहण्याची रीत पालटली आहे असे आम्हांस वाटत नाही. अजूनही छाती, आवाज, पोशाख व चालणे यांवर मते बनतात, आणि पेरणीच्या वर्षाला आळशाचे वर्ष म्हणण्याची आपली सवय सुटलेली नाही. आमची सूचना साधी आहे. पुढाऱ्याचे चित्र आणि पुढाऱ्याची खतावणी या दोन वस्तू वाचकांनी घरात निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्या. चित्र आवडले म्हणून खतावणी पाहण्याचे टाळू नये, आणि चित्र नावडले म्हणून तिच्यातील जमेच्या रकमा खोडू नयेत.

दरवर्षी २ ऑक्टोबरला वर्तमानपत्रांत गांधीजींच्या मोठ्या छबीखाली शास्त्रींची लहानशी छबी येते. जन्मतिथी एकच असल्यामुळे त्यांस तेथेही दुसऱ्या ओळीत उभे राहावे लागते. छबी लहान असावयास आमची हरकत नाही. तिच्याखाली जो मजकूर येतो त्यात ‘साधेपणा’ हा शब्द पाच वेळा असतो आणि गहू, दूध व मद्रासच्या त्या आगी यांचा उल्लेख एकदाही नसतो, एवढीच काय ती आमची तक्रार आहे.